भौतिकशास्त्राचा अभ्यास पुस्तक मिटून कसा करायचा: नववी-दहावीसाठी टप्प्याटप्प्याने

सहामाहीचे पेपर हातात पडले की आमच्या पडवीत दरवर्षी तेच वाक्य ऐकू येतं. "सर, धडा तीनदा वाचला होता, सूत्रं सगळी पाठ होती, तरी उदाहरणं चुकली." सांगणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याने खरंच तीनदा वाचलेलं असतं आणि सूत्रंही धडाधड म्हणून दाखवतं. चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. आधी वाचन, मग पाठांतर, मग गाईडमधली सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवणं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यावरून एक नजर, असा बहुतेकांचा क्रम असतो. यातल्या एकाही पायरीवर मुलाला स्वतःच्या डोक्यातून काही बाहेर काढावं लागत नाही. ते पहिल्यांदा काढावं लागतं थेट परीक्षेच्या बाकावर.

खालचे टप्पे मी राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी लिहितो आहे. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये १० प्रकरणं आहेत. त्यातली गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे व त्यांचे उपयोग आणि अवकाश मोहिमा ही ६ आपल्या कामाची. टप्प्यांचा क्रम बदलू नका. घाई असेल तर एखादा टप्पा लहान करा, पण वगळू नका.

तयारी: वह्या, साहित्य आणि थोडं गणित

दोन वह्या लागतील. एक कच्ची, पाठकोरे कागद शिवून केलेली असली तरी चालेल. दुसरी चांगली, शंभर पानी, तिच्यावर "चुका" एवढंच लिहा. सुवाच्य नोट्सची तिसरी वही करू नका. रंगीत पेनांनी सजवलेल्या नोट्समध्ये किती संध्याकाळी जातात ते मी पाहिलं आहे. त्या वेळात हात चालतो आणि डोकं विश्रांती घेतं.

साहित्यात एक हातभिंग, पट्टी, दोन मीटर सुतळी, दोन साधे सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, थोडी तार आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. हातभिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

आता गणित. भौतिकशास्त्रात अडलेली निम्मी मुलं खरं तर इथे अडलेली असतात, आणि हे कोणी त्यांना सांगत नाही. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणून धडा उघडण्याआधी ही तीन कामं हाताने जमतात का ते पाहा:

१. १/१० मधून १/३० वजा करणं आणि आलेला अपूर्णांक उलटा करून संख्या काढणं.
२. सूत्राचा कर्ता बदलणं. विभवांतर = विद्युतधारा × रोध यातून रोध वेगळा काढून दाखवा.
३. दहाचे घात. (६.४ × १०⁶) चा वर्ग किती?

तपासा: तिसऱ्याचं उत्तर ४०.९६ × १०¹² आलं पाहिजे. ६.४ चा वर्ग केला आणि १०⁶ तसाच ठेवला, किंवा घात दुप्पट केला आणि ६.४ तसाच राहिला, तर गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणाला हात लावण्याआधी आठवडाभर रोज अशी पाच उदाहरणं करा. हा आठवडा फुकट जात नाही.

वेळेबद्दल पालकांना एक विनंती. आपल्याकडचं वर्ष आपल्या पद्धतीने जातं. जून-जुलैत लावणी, वाऱ्यापावसात दोन-दोन दिवस लाईट नाही, मग गणपती आणि चाकरमान्यांनी भरलेलं घर, आणि परीक्षेच्या दिवसांतच शिमगा. या दिवसांत "रोज दोन तास बस" हा नियम टिकत नाही आणि टिकला नाही की मुलाला अपराधी वाटतं. त्यापेक्षा आठवड्याला ३५-४० मिनिटांच्या चार बैठका ठरवा. त्यातल्या दोन दिवसाउजेडी असू द्या, म्हणजे लाईट गेल्याने काही अडणार नाही.

टप्पा १: धडा वाचण्याआधी अंदाज लिहा

नवीन प्रकरण सुरू करताना पुस्तक बंद ठेवा. त्या विषयावरचा घराजवळचा एक प्रश्न घ्या आणि उत्तराचा अंदाज कच्च्या वहीत लिहा. कारणही लिहा. चुकीचं असलं तरी पेनानेच लिहा.

गुरुत्वाकर्षणासाठी: ओटीच्या कठड्यावरून सुपारी आणि सोललेला नारळ एकाच वेळी वाळूच्या ढिगावर सोडले तर आधी काय पडेल? लिहून झाल्यावर सोडून बघा. बहुतेक मुलं "नारळ" लिहितात, पण दोन्ही एकदमच पडतात. ज्याने आधी पेनाने "नारळ" लिहिलं त्याला हे कायमचं लक्षात राहतं. नुसतं बघणारा विसरतो.

उष्णतेसाठी मासळीची पेटी घ्या. पापलेट बर्फात का ठेवतात? शून्य अंशाचं थंडगार पाणी ओतलं तर चालणार नाही का? अंदाज लिहा. धड्यात मग उत्तर मिळेल ते असं. एक किलो बर्फ शून्य अंशावरच वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. तेवढंच शून्य अंशाचं पाणी ३० अंशांपर्यंत तापायला फक्त ३० किलोकॅलरी घेतं. म्हणजे बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान न वाढता उष्णता शोषत राहतो आणि मासा गार राहतो. हाच तो अप्रकट उष्मा. पुस्तकातल्या आलेखाचा आडवा, सपाट भाग पाहिलात की पेटी डोळ्यांपुढे आली पाहिजे.

अपवर्तनासाठी खाडीच्या कडेला स्वच्छ, स्थिर पाणी असेल तिथे काठावरूनच तळ बघा. विजेसाठी घरातलाच प्रश्न घ्या: माजघरातला दिवा बंद केला तरी ओटीवरचा का चालू राहतो? भिंगासाठी खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद धरा, भिंग मागेपुढे करा आणि बाहेरच्या माडाचं चित्र कागदावर उतरवा. ते उलटं का आलं? भिंग आणि कागद यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून ठेवा. माड बराच लांब असेल तर हेच जवळपास तुमच्या भिंगाचं नाभीय अंतर. टप्पा ५ मध्ये ते उपयोगी पडेल.

सावध: भिंगातून सूर्याकडे कधीही बघू नका. विजेचे प्रयोग फक्त सेलवर करा. भिंतीतल्या सॉकेटला तार लावून काहीही करायचं नाही. पावसाळ्यात आपल्या भिंती आणि जमीन ओलसर असतात, तेव्हा तर मुळीच नाही. विहिरीच्या कठड्यावर वाकून कसलंही मोजमाप नको.

एक मोठा प्रश्न: तिथीची पाऊणपट

हा थोडा बाजूचा रस्ता आहे, पण मी प्रत्येक तुकडीला यावर नेतो. किनाऱ्यावरच्या घरात आजोबांना विचारा, आज भरती किती वाजता? ते पंचांगातली तिथी बघतील, तिची पाऊणपट करतील आणि वेळ सांगतील. चतुर्थी असेल तर ४ × ३/४, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या.

आता मुलांनी हे तपासायचं. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते, म्हणून तिची वेळ चंद्राबरोबर सरकते. चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन एका तिथीत १२ अंशांनी बदलतो. पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास, म्हणजे १४४० मिनिटं लागतात. मग १२ अंशांना किती? १४४० × १२ ÷ ३६० = ४८ मिनिटं. आजोबांची पाऊण तासाची ४५. प्रत्येक तिथीला ३ मिनिटांची तूट. पंधरा तिथींत ती ४५ मिनिटांची होते. म्हणून पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा सांगते आणि आपला हिशोब बारा सांगतो. शिवाय प्रत्येक बंदराची प्रत्यक्ष वेळ किनाऱ्याच्या आणि खाडीच्या आकाराप्रमाणे थोडी मागेपुढे असते. दोन आठवडे धक्क्यावर जाऊन वेळ टिपा आणि तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. तोंडी करता येणारा सोपा नियम, त्यामागचं गणित आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्यातलं अंतर बघायची सवय लागली की गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण परकं वाटत नाही.

टप्पा २: पेन्सिल घेऊन एकदाच वाचन

आता धडा वाचा, पण एका बैठकीत एकच मुद्दा, दोन ते तीन पानं. वाचताना समासात तीनच खुणा करायच्या. व्याख्येसमोर "व्या". जिथे एका गोष्टीमुळे दुसरी घडते तिथे बाण. जे समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह.

सगळ्या पानावर पिवळा हायलायटर फिरवू नका. सगळंच पिवळं झालं की काहीच उठून दिसत नाही, आणि मुलाला मात्र काम झाल्यासारखं वाटतं.

सूत्र आलं की ते अक्षरांत लिहिण्याआधी शब्दांत लिहा. पुस्तकात सूत्रं इंग्रजी अक्षरांत असतात. या लेखात मी ती मुद्दाम शब्दांत देतो आहे, कारण नुसती अक्षरं पाठ केलेल्या मुलाला विचारलं की हे अक्षर म्हणजे काय, तर उत्तर येत नाही. प्रत्येक राशीपुढे तिचं एककही लिहा. सूत्र कुठे चालत नाही तेही एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तेव्हाच वापरता येतात.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इथेच मागच्या पानावर दोन रकान्यांची यादी सुरू करावी: त्वरण आणि त्याच्यापुढे अ‍ॅक्सलरेशन, रोध आणि रेझिस्टन्स, नाभीय अंतर आणि फोकल लेंग्थ. इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीतच लिहा. अकरावीत पहिल्याच महिन्यात ही यादी कामाला येते.

टप्पा ३: पुस्तक मिटा आणि लिहा

बहुतेक मुलं नेमका हाच टप्पा गाळतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. कच्च्या वहीत दहा मिनिटं, आठवेल ते लिहा: व्याख्या, सूत्र, एकक, आकृती, कारण. अडलं तरी उठायचं नाही. आठवायचा प्रयत्न करताना जो त्रास होतो त्यानेच गोष्ट डोक्यात बसते. दहा मिनिटांनी पुस्तक आणा आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने सुटलेलं आणि चुकलेलं भरा.

पहिल्या दोन-तीन वेळा पान जवळजवळ कोरं राहील. पालकांनी त्या वेळी रागावू नये, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. कोरं पान म्हणजे आळस नव्हे. काय येत नाही हे परीक्षेच्या चार महिने आधी कळलं, आणि ते कळण्यासाठीच हे पान आहे.

तपासा: आता घरातल्या कोणालाही, आजीला किंवा धाकट्या भावाला, तोच मुद्दा पाठ्यपुस्तकातले शब्द न वापरता सांगा. दिवसा खारे वारे समुद्राकडून का येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून का जातात, हे "विशिष्ट उष्माधारकता" हा शब्द न उच्चारता सांगता आलं तर समजलं. सांगून झाल्यावर तोच शब्द घालून चार ओळी लिहा. परीक्षेत गुण त्या शब्दाला मिळतात, पण समज आधी हवी.

टप्पा ४: आकृती हाताने, न बघता

किरणाकृती, विद्युत चलित्र, विद्युत जनित्र, लोलकातून प्रकाशाचं अपस्करण. या आकृत्या बघून दहा वेळा काढण्यापेक्षा न बघता तीन वेळा काढा. दर वेळी पुस्तकाशी ताडून नावं आणि बाणांच्या दिशा तपासा. किरणाला बाण नसेल तर ती नुसती रेघ आहे, तिला गुण मिळत नाहीत.

चलित्र आणि जनित्र यांची गल्लत दरवर्षी होते. दिशा काढायच्या फ्लेमिंगच्या नियमात चलित्राला डावा हात, जनित्राला उजवा. हात बदलला की दिशा उलटते. दोन्ही आकृत्या एकाच पानावर शेजारी शेजारी काढून फरक फक्त लाल पेनाने दाखवा.

टप्पा ५: उदाहरणं

इथे वेळ द्या. माझ्या मते एकूण अभ्यासाचा निम्मा वेळ या टप्प्याचा आहे.

पहिला नियम: सोडवलेलं उदाहरण वाचायचं नाही. फक्त प्रश्न वाचा, उत्तरावर कागद ठेवा आणि स्वतः सुरू करा. अडलात तर कागद एकच ओळ खाली सरकवा, ती ओळ बघा, पुन्हा झाका आणि पुढे चला. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते, म्हणून आपल्याला येतं असं वाटतं. दुसऱ्याची होडी काठावरून बघितली म्हणून आपल्याला वल्हवता येत नाही.

दुसरा नियम: प्रत्येक उदाहरण ठरलेल्या सहा पायऱ्यांनी लिहायचं. एक करून दाखवतो.

*१० मीटर उंच माडावरून दीड किलोग्रॅमचा नारळ सुटला. जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती? त्याला किती वेळ लागला? (गुरुत्वत्वरण ९.८ मी/से², हवेचा विरोध धरू नये.)*

१. चित्र: माड, नारळ, खाली जाणारा बाण, बाजूला १० मी.
२. दिलेलं: सुरुवातीचा वेग ० मी/से, कारण नारळ सुटला, कोणी फेकला नाही. अंतर १० मी. त्वरण ९.८ मी/से².
३. काढायचं: अंतिम वेग आणि वेळ.
४. सूत्र: अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर.
५. किमती: ० + २ × ९.८ × १० = १९६. वर्गमूळ १४. वेग १४ मी/से. वेळ = वेगातला बदल ÷ त्वरण = १४ ÷ ९.८ = सुमारे १.४३ सेकंद.
६. पडताळा: वेग ० पासून १४ पर्यंत सारखा वाढला, म्हणजे सरासरी ७ मी/से. ७ × १.४३ = सुमारे १० मीटर. जुळलं.

दीड किलोग्रॅम कुठे वापरलं? कुठेच नाही. ती संख्या मुद्दाम दिलेली आहे. "दिलं आहे म्हणजे वापरायलाच हवं" असं समजून मुलं ती कुठेतरी गुणतात. सुपारी-नारळाचा प्रयोग ज्याने केला तो इथे फसत नाही. पुढे नववीच्या कार्य आणि ऊर्जा या प्रकरणाने तोच नारळ तपासा: वरची स्थितिज ऊर्जा १.५ × ९.८ × १० = १४७ ज्यूल, खालची गतिज ऊर्जा १/२ × १.५ × १९६ = १४७ ज्यूल. दोन वेगळ्या प्रकरणांतून एकच आकडा आला की उत्तरावर भरवसा बसतो. आणि १४ मी/से म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढला की खळ्यातल्या पोरांना बाजूला का पिटाळतात, ते या आकड्यात दिसतं.

आता भिंगाचं उदाहरण, कारण सगळ्यांत जास्त गुण इथे जातात. मागच्या वर्षी एक मुलगी वही घेऊन आली. प्रश्न असा होता: १० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर ३० सेमीवर वस्तू ठेवली, तर प्रतिमा कुठे मिळेल? तिचं उत्तर ७.५ सेमी. सूत्र बरोबर होतं, बेरीज-वजाबाकी बरोबर होती. तिला चूक सापडेना आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "सूत्र बाजूला ठेव, किरणाकृती काढ." तिने मुख्य अक्ष काढला, भिंग काढलं, दोन्ही बाजूंना १० आणि २० सेमीच्या खुणा केल्या. वस्तू ३० वर, म्हणजे दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे. किरण काढले आणि ते दुसऱ्या बाजूला १० ते २० च्या मध्ये मिळाले. ती स्वतःच म्हणाली, "सर, ७.५ येऊच शकत नाही." मग तिने वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि तिला सापडलं: वस्तूचं अंतर तिने अधिक ३० घेतलं होतं. कार्टेशिअन चिन्ह संकेताप्रमाणे भिंगाच्या डावीकडची अंतरं उणे, म्हणून ते उणे ३०.

१ ÷ प्रतिमेचं अंतर = १ ÷ नाभीय अंतर + १ ÷ वस्तूचं अंतर = १/१० − १/३० = २/३०, म्हणून प्रतिमेचं अंतर १५ सेमी. विशालन = १५ ÷ (−३०) = −०.५, म्हणजे प्रतिमा उलटी आणि निम्म्या उंचीची. आकृतीशी जुळतं.

म्हणून भिंगाच्या उदाहरणाचा क्रम असा: आधी किरणाकृतीचा कच्चा आराखडा, मग चिन्हं, मग सूत्र. चिन्हं "दिलेलं" या ओळीतच लावा. सूत्रात किमती घालताना लावायला गेलात तर एकतर राहतात किंवा दोनदा लागतात. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये घ्या. १० सेमी म्हणजे ०.१ मीटर, शक्ती १० डायॉप्टर. टप्पा १ मध्ये मोजलेल्या तुमच्या स्वतःच्या भिंगाची शक्तीही काढून ठेवा.

बाकीच्या प्रकरणांसाठी उत्तराचे झटपट पडताळे:

- समांतर जोडणीतला एकूण रोध सगळ्यांत लहान रोधापेक्षाही कमी आला पाहिजे. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर असतील तर २ ओहम. ९ आलं तर तुम्ही एकसर जोडणीचं सूत्र वापरलं.
- विजेची युनिटं: ६० वॉटचा जुना बल्ब रोज ५ तास, ३० दिवस म्हणजे ९००० वॉट-तास, ९ युनिट. वॉटचे किलोवॉट करायला विसरलात तर उत्तर ९००० येतं. घरचं वीजबिल शेजारी ठेवा, असं उत्तर शक्य नाही हे लगेच दिसेल.
- गुरुत्वत्वरण काढताना: गुरुत्व स्थिरांक ६.६७ × १०⁻¹¹ गुणिले पृथ्वीचं वस्तुमान ६ × १०²⁴, भागिले पृथ्वीच्या त्रिज्येचा, म्हणजे (६.४ × १०⁶) चा वर्ग. आकडे एका बाजूला, घात दुसऱ्या बाजूला. आकडे ४०.०२ ÷ ४०.९६ = सुमारे ०.९७७. घात −११ + २४ − १२ = १. उत्तर ९.७७ मी/से². ९.८ च्या आसपास आलं नाही तर घात तपासा.
- उष्णतेत बर्फ असेल तर दोन भाग करा: वितळण्याची उष्णता आणि नंतर तापण्याची. मुलं पहिला भाग हमखास विसरतात.
- पाण्यातली खोली: पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणून वरून सरळ खाली बघताना ४ फूट खोल तळ ३ फुटांवर दिसतो. भासणारी खोली खऱ्यापेक्षा जास्त आली तर भागाकार उलटा झाला आहे.

तिसरा नियम: एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीने करू नका. पहिली तीन एका प्रकारची, मग वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून. ओळीने केली की कोणतं सूत्र वापरायचं हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं.

टप्पा ६: चुकांची वही

चुकलेलं उदाहरण खोडून बरोबर उत्तर लिहिणं पुरेसं नाही. चुकांच्या वहीत चार ओळी लिहा: प्रश्न थोडक्यात, मी काय केलं, का केलं, पुढच्या वेळी काय बघेन. प्रत्येक चुकीला एक शब्द द्या: चिन्ह, एकक, घात, सूत्र, वाचन. "वाचन" म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही.

"दुर्लक्षामुळे चूक" असं लिहायला परवानगी नाही. महिन्याने पानं उलटून शब्द मोजा. एका मुलाच्या वहीत सतरा चुकांपैकी अकरा "एकक" निघाल्या. त्याला नवीन धडा शिकवायची गरज नव्हती. त्याने महिनाभर प्रत्येक "दिलेलं" ओळीत एककं बदलण्याचंच काम केलं.

टप्पा ७: उजळणीचा फेरा

झालेला मुद्दा पुन्हा कधी काढायचा? त्याच आठवड्यात एकदा, पंधरा दिवसांनी एकदा, महिना-दीड महिन्याने एकदा. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. टप्पा ३ सारखंच: पुस्तक मिटून दहा मिनिटं लिहायचं, मग दोन मिसळलेली उदाहरणं. एसटीची वाट बघताना एका कागदावर पाच प्रश्न असले तरी फेरा होतो.

गणपतीच्या सुट्टीत नवीन धडा घेऊ नका. त्या दिवसांत मूल अर्ध्या तासापेक्षा जास्त बसणार नाही आणि बसवूही नये. चुकांच्या वहीतली रोज दोन उदाहरणं पुरेत. शिमग्याच्या बाबतीत घरात आधीच बोलून घ्या: पालखी घरी येईल त्या दिवशी अभ्यास नाही, आणि त्याची भरपाई आधीच्या रविवारी. ऐन वेळी ठरवायला गेलात की भांडण होतं.

टप्पा ८: सरावाचा पेपर

भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. जानेवारीपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून, सलग दोन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवा. तपासताना दोन रंग वापरा: येत नव्हतं ते एका रंगाने, येत असून चुकलं ते दुसऱ्याने. पहिल्यासाठी टप्पा २ आणि ३ कडे परत जा, दुसऱ्यासाठी चुकांची वही.

"शास्त्रीय कारणे लिहा" या प्रश्नात निरीक्षण, नियम आणि दोघांना जोडणारं वाक्य अशा तीन ओळी हव्यात. पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत? हवेत बाष्प आधीच भरपूर आहे (निरीक्षण). सापेक्ष आर्द्रता जास्त असली की बाष्पीभवनाचा वेग कमी होतो (नियम). म्हणून कपड्यातलं पाणी हवेत हळू जातं (जोड). दहापैकी सात मुलं पहिली ओळ लिहून थांबतात आणि गुण का गेला ते विचारत येतात.

शेवटच्या दहा मिनिटांत नवीन प्रश्नाला हात लावू नका. उदाहरणांची एककं, भिंगाची चिन्हं आणि किरणांचे बाण, याच क्रमाने पेपरावरून बोट फिरवत जा.